जांभूळ : खावे किती, मानावे किती?

गिरगावातल्या वाड्यांची नावे एका ओळीत म्हटली, तर जुन्या बागेतून चालत असल्यासारखे वाटते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. आणि काळबादेवीच्या बाजूला थोडे चालले की जांभूळवाडी. बागा गेल्या, चाळी आल्या, आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. झाडांची आठवण नावांपुरती उरली आहे. मात्र मे महिना सरत आला, वळवाची एखादी सर पडून गेली, की फणसवाडी, ठाकूरद्वार, भुलेश्वरच्या रस्त्यांवर जांभळांच्या पाट्या दिसू लागतात. पालघर तालुक्यातल्या बहाडोली गावचे टपोरे जांभूळ तर प्रसिद्धच आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जूनभर हा बाजार चालतो आणि पाऊस जोर धरला की संपतो.

जांभळाबरोबर घरोघरी सल्लेही येतात. जांभूळ खाल्ले की साखर उतरते. बियांची पूड घेतली की मधुमेह जातो. जांभळाने रक्त वाढते. पोटात गेलेला केस जांभळाने विरघळतो. जांभळीचे लाकूड टाकले की टाकीतले पाणी शुद्ध राहते. यातले काही आजीने सांगितलेले असते, काही मोबाईलवर आलेले असते. आरोग्य शिबिरांत दर वर्षी या दिवसांत एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो : “जांभळाच्या बियांची पूड सुरू केली आहे, आता साखरेची गोळी बंद केली तर चालेल ना?”

त्या प्रश्नाचे उत्तर “नाही” असे आहे. पण नुसते नाही म्हटले की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन तेच करतो. म्हणून जांभळात काय आहे, काय नाही, कोणता सल्ला मानावा आणि कोणता सोडावा, हे या वेळी सविस्तर पाहू.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर दहा प्रौढ माणसे असतील, तर त्यांतल्या एकदोघांना हा आजार असू शकतो. त्यातल्या काहींना तो ठाऊकही नसतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सारे जाणतो. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. पुढे आपण त्यांना माईसाहेब म्हणू लागलो. संविधानाचे काम, हिंदू कोड बिल, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे लेखन हे सगळे बाबासाहेबांनी शरीर साथ देत नसताना केले. आज मधुमेहात सर्वांत आधी दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी माणसांच्या मधुमेहावर उपयोगी पडते, असे जगापुढे आले ते १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. घरच्या घरी बोटातल्या थेंबाने साखर तपासण्याचे यंत्र तर त्याच्याही पुढचे. त्यांच्या वेळी जे नव्हते, ते आज महापालिकेच्या दवाखान्यात मोफत किंवा अगदी कमी खर्चात मिळते. ते मिळत असताना वाटीभर पुडीसाठी सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

जांभळात काय असते?

जांभूळ हे लवंग आणि पेरू यांच्या कुळातले झाड. १०० ग्रॅम गरात सुमारे ८३ ग्रॅम पाणी असते. उष्मांक ६० च्या आसपास, पिष्ट आणि साखर मिळून सुमारे १५ ग्रॅम, ‘क’ जीवनसत्त्व सुमारे १४ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम सुमारे ८० मिलिग्रॅम. लोह मात्र नगण्य. उन्हाळ्याच्या दिवसांत पाणी, थोडी गोडी आणि थोडे जीवनसत्त्व देणारे हे एक चांगले, हलके फळ आहे.

जांभळाचा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. त्याची गंमत मुलांना घरी दाखवता येते. जांभळाच्या पातळ रसात लिंबू पिळले की रंग लालसर होतो, आणि खाण्याचा सोडा टाकला की निळा-हिरवट होतो. शाळेतल्या लिटमस कागदाचेच काम हे फळ करते. शर्टावरचा जांभळाचा डाग साबण लावताच निळसर का होतो, याचे उत्तरही हेच.

जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडल्यासारखी होते, त्याचे कारण टॅनिन. टॅनिन तोंडातल्या लाळेतील प्रथिनांना धरून बसते, लाळेचा ओलसरपणा कमी होतो आणि तुरटपणा जाणवतो. जांभळाचे निम्मे घरगुती उपाय या तुरटपणावर उभे आहेत, म्हणून हा शब्द लक्षात ठेवू.

साखर आणि बियांची पूड

आता मुख्य मुद्दा. बियांच्या पुडीवर प्रयोगशाळेत भरपूर काम झाले आहे. उंदरांना मधुमेह घडवून ही पूड दिली, तेव्हा अनेक प्रयोगांत त्यांची साखर उतरली. माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. त्यांतल्या काहींत नेहमीच्या उपचारासोबत पूड दिल्यावर साखर थोडीशी कमी झाल्याचे दिसले. दुसरीकडे ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर लोक मोठ्या विश्वासाने पितात. तिथल्या संशोधकांनी तो रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा चहाने साखर उतरली नाही, गोळीने उतरली.

याचा अर्थ असा की बियांत काही गुण असतीलही. पण ते किती मात्रेत, किती दिवस, कोणत्या रुग्णाला लागू पडतात हे ठरलेले नाही. गोळीचे हे सगळे ठरलेले असते : किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, मूत्रपिंड कमजोर असेल तर किती कमी. पुडीच्या एका चमच्यात आज जे आहे तेच उद्याच्या चमच्यात असेल, याची हमी कोणी देत नाही.

कालाम सुत्तात तथागतांनी दिलेली शिकवण इथे कामी येते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, चारचौघे सांगतात, मोठ्या माणसाने सांगितले, एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नये. ती तपासावी आणि हिताची ठरली तरच धरावी. मधुमेहात तपासणे फार सोपे आहे. रक्ताची तपासणी करायची. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, की तो मधुमेह समजला जातो. उपाशीपोटी १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची पातळी. “मला आता बरे वाटते” ही तपासणी नव्हे. साखर २५० असतानाही माणसाला बरे वाटू शकते. पायाच्या नसा, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड यांचे नुकसान त्याच वेळी मुकाट्याने होत असते.

आपल्या वस्तीत दिवसभर उभ्याने, चालत, ओल्या जमिनीवर काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. साखर वाढलेली असली की पायाची जाणीव कमी होते. खिळा लागला तरी कळत नाही, बूट चावला तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि मग एक बोट, कधी पाऊल गमवावे लागते. गोळी सोडून पुडीवर काढलेल्या तीन-चार महिन्यांची किंमत अशी मोजावी लागू शकते. ज्यांना इन्सुलिन चालू आहे, विशेषतः लहान मुले आणि तरुण, त्यांनी तर एक दिवसही इन्सुलिन चुकवू नये. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते थांबले तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो.

पूड घ्यायचीच असेल, तर चार गोष्टी पाळाव्यात :

१. चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये.

२. पूड घेतो हे डॉक्टरांना सांगावे. ते रागावतील म्हणून लपवू नये. पूड आणि गोळी दोन्हींनी मिळून साखर एकदम खाली येऊ शकते.

३. बाजारातली बिनलेबलची “हमखास मधुमेह बरा” अशी पूड घेऊ नये. अशा काही पुड्यांत ॲलोपथीच्या गोळ्या कुटून मिसळल्याचे, काहींत शिसे किंवा पारा असल्याचे तपासण्यांत आढळले आहे.

४. घरी पूड करायची तर बिया धुऊन खडखडीत वाळवाव्यात. पावसाळी हवेत अर्धवट वाळलेल्या बियांना बुरशी येते, आणि काही बुरशींचे विष यकृताला घातक असते. वास आला, काळपट-हिरवे डाग दिसले, की टाकून द्यावे.

साखर ७० च्या खाली गेली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, धडधड होते, भूक लागते, बोलणे गोंधळते. अशा वेळी लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा.

मग मधुमेह असलेल्याने जांभूळ खावे का? जरूर खावे. दहा-बारा मध्यम जांभळे, म्हणजे साधारण वाटीभर, एका वेळी पुरेत. जेवणानंतर आंब्याच्या फोडी आणि वर जांभळे असे नको. त्या दिवशीचे फळ म्हणून जांभूळ. साखर घातलेले जांभळाचे सरबत, जांभूळ आइस्क्रीम आणि बाटलीतला रस यांना हे लागू नाही. त्यांत जांभूळ थोडे आणि साखर फार असते.

रक्त वाढते का?

रंग गडद म्हणून रक्त वाढते, असा समज जांभळाबद्दलही आहे आणि बिटाबद्दलही. वर पाहिलेच की जांभळात लोह नगण्य असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या घरातल्या निम्म्याहून अधिक लेकी-सुनांचा हा प्रश्न आहे. तो फळाच्या रंगावर सोडून चालणार नाही. हिरव्या पालेभाज्या, हळीव, नाचणी, कडधान्ये, ज्यांना चालते त्यांनी मासे, मटण, कलेजी, आणि दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी हाच खरा मार्ग. गर्भवतींनी कलेजी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी. तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते. लोहाच्या गोळीबरोबर चहा किंवा भरपूर जांभळे घेऊ नयेत. टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीबरोबर लिंबूपाणी मात्र चांगले.

जुलाब, हिरड्या आणि तुरट उपाय

जांभळीच्या सालीचा काढा किंवा बियांची पूड ताकातून जुलाबावर देण्याची पद्धत कोकणात आणि घाटावर जुनी आहे. तुरट द्रव्याने जुलाब थोडे आवरल्यासारखे वाटतात. पण जुलाबात माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून पहिला उपाय जलसंजीवनी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, नीट ढवळून, घोटघोट. दवाखान्यातले पाकीट मिळाले तर अधिक बरे. मुलांना सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. शौचात रक्त, खूप ताप, लघवी न होणे, डोळे खोल जाणे यातले काही दिसले की काढा बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

सालीच्या काढ्याने गुळण्या केल्या की हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. त्यात वावगे काही नाही. गुळणी करावी, थुंकून टाकावी. मात्र हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी रक्तातली साखर तपासावी. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह हातात हात घालून येतात. आणि एक विनंती आयाबहिणींना : हिरड्या दुखतात म्हणून मिश्री लावू नका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दुखणे बधिर होते आणि कर्करोगाला वाट मिळते.

केस, लाकूड आणि रिकामे पोट

“वर्षातून एकदा तरी जांभूळ खावे, पोटात गेलेला केस विरघळतो,” असे आपण लहानपणापासून ऐकतो. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते माणसाच्या पोटात पचत नाही, जांभळानेही नाही. एखाद-दुसरा गिळलेला केस शौचावाटे निघून जातो. त्याची भीती नको. पण एखादी मुलगी सवयीने केस तोडून खात असेल, तर पोटात केसांचा गोळा तयार होऊ शकतो आणि तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. तिला जांभळे देण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे, आणि तिच्या मनावर कसला ताण आहे हेही मायेने विचारावे.

जांभळीचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणून पूर्वी विहिरीच्या तळाच्या कामात ते वापरत. त्यावरून लाकडाचा तुकडा टाकला की टाकीतले पाणी शुद्ध होते, असा संदेश आता मोबाईलवर फिरतो. लाकूड टिकते म्हणून जंतू मरतात, असे होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चाळीची टाकी धुऊन घ्यावी, झाकण घट्ट बसते का पाहावे, पाणी उकळून प्यावे किंवा क्लोरिनचे थेंब सांगितलेल्या प्रमाणात टाकावेत.

रिकाम्या पोटी जांभळे खाऊ नयेत, हा जुना सल्ला मात्र बऱ्याच जणांनी मानावा असा आहे. आंबट-तुरट फळ उपाशीपोटी खाल्ले की ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांना जळजळ होते. जांभळावर मीठ भुरभुरण्याची सवय असते. रक्तदाब असलेल्यांनी ती सोडावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना बरीच फळे बंद असतात. केळ्याच्या मानाने जांभळात पोटॅशियम फार कमी असते, तेव्हा “थोडी जांभळे चालतील का?” एवढे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

घ्यायची काळजी

जांभळाची साल पातळ असते आणि फळ जमिनीवर पडलेले वेचलेले असते. आणल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवावे. फुटलेली, टोचलेली, पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेली फळे टाकून द्यावीत. पाच वर्षांखालच्या मुलांना बी काढूनच द्यावे. घसरट बी घशात अडकते. सुटीत गावी गेलेल्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी : जांभळीच्या फांद्या ठिसूळ असतात. हिरवीगार, जाडजूड दिसणारी फांदी अचानक मोडते. पावसात तर झाडावर मुळीच चढू नये. खाली चादर धरून काठीने झोडपलेली जांभळेही तितकीच गोड लागतात.

विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना जी आठ पेये घेण्याची मुभा दिली आहे, त्यांत आंब्याच्या रसाबरोबर जांभळाचाही रस आहे. सम्राट अशोकाच्या लघु शिलालेखांत आपल्या देशाचे नाव जंबुद्वीप असे येते. इतके जुने आपले हे फळ. त्याचा मान त्याला फळ म्हणून द्यावा. गोळीच्या जागी बसवून त्याच्यावर नसते ओझे टाकू नये.

या महिन्यात एवढेच करू या. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाची, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या भावंडांचीही, एकदा उपाशीपोटी साखर तपासून घेऊ. जवळच्या महापालिका दवाखान्यात सकाळी उपाशी जायचे, चिठ्ठी काढायची, रक्त द्यायचे. अर्ध्या दिवसाचे काम. आलेला आकडा एका वहीत तारखेसह लिहून ठेवायचा. कोणी गोळी सोडली असेल तर त्याला न रागावता सोबत घेऊन जायचे. परत येताना वाटेत जांभळांची पाटी दिसली, तर पावशेर घ्यायची आणि घरी सगळ्यांनी मिळून खायची.